आत्या, काळ्या खिडकीबाहेर ते उभे होते

आत्या, तू जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि मी अजून नीट रडलेले नाहीये. वेळच नाही मिळाला, खरंच सांगते. लोक येतात, पाठीवरून हात फिरवतात, म्हणतात मोकळी हो ग, रडून घे, आणि मी हो हो म्हणत एका हाताने मोबाइलवर टाइप करत असते, कारण मी सूड घेतेय. हा शब्द तुला चालणार नाही, माहितीये. तू चष्मा खाली ओढून म्हणशील, केतकी, शब्द फार मोठा झाला, जरा लहान शोध. नाही शोधणार. मला हाच पाहिजे.

चेन्नईच्या आपल्या मराठी मंडळाच्या या अंकात तुझ्यासाठी चार पानं ठेवलीत. तुझा जन्म, शिक्षण, बँकेतली पस्तीस वर्षं, अंकाचं संपादन, हे सगळं सुमनकाकू लिहितायत. मी म्हटलं मला ते जमणार नाही, मी सरळ तिच्याशीच बोलते, आमचं भांडण अर्धं राहिलंय. सुमनकाकू म्हणाल्या, 'बोल. पण त्या कंपनीचं नाव लिहू नकोस, वकील म्हणून सांगते.' म्हणून नाव नाही लिहीत. तुला सांगायची गरजही नाही. आजाराची माहिती देणारी, निळ्या पट्टीची ती साइट. तू तिच्यावर शोधायचीस आणि ती तुझ्यावर.

थांब, नीट पहिल्यापासून सांगते. मी घाईत अर्धं गिळते हे तुझं कायमचं गाऱ्हाणं.

तुझा तो कॉम्प्युटर. चौकोनी पडद्याचा, ज्याला भंगारवालासुद्धा हात लावणार नाही. मी नवीन रुंद पडदा आणून दिला तर तू तो बाबांच्या क्रिकेटसाठी देऊन टाकलास, म्हणालीस यावर पान आडवं पडल्यासारखं दिसतं. मग मीच बसून तुझ्या डोळ्यांसाठी अक्षर दीडपट मोठं केलं. मीच ब्राउझरची भाषा मराठी केली, सगळे मेनू मराठीत आले तेव्हा तू केवढी खूश झालीस, अख्ख्या अण्णा नगरात असा कॉम्प्युटर नसेल म्हणालीस. आणि मीच ते फाँट भरले. दर शनिवारी, मुरुक्कूच्या चकल्या खात खात, एकेक फाँट.

त्या फाँटचं वेडही तुझंच. चेन्नईत मराठी लिहिणारे जेवढे, तेवढ्यांच्या तऱ्हा. आवडी उपनगरातल्या फॅक्टरीतले बाबांचे मित्र वीस वर्षांपूर्वीच्या एका फाँटमध्ये टाइप करणार, रेल्वेतल्या बाई दुसऱ्याच, आणि गोपाळरावमामा, ज्यांचं घराणं तंजावरचं, ते कुठल्याशा बंद पडलेल्या छापखान्याच्या फाँटमध्ये. मी शंभर वेळा म्हटलं असेन, आत्या, सगळं एका फाँटमध्ये बदलून टाकते, दोन मिनिटांचं काम आहे. तू बदलू दिलं नाहीस. एकदा बदललं तर जोडाक्षरं फुटली होती आणि मामांच्या लेखात त्यांच्या आईचं नाव भलतंच झालं होतं. तेव्हापासून तुझा नियम: ज्याचा लेख त्याच्याच अक्षरात उघडायचा, वाचायचा, आणि मग हाताने नवीन टाइप करायचा. त्रेसष्ट फाँट भरले मी तुझ्या मशीनमध्ये. त्रेसष्ट.

हे सगळं कशाला सांगतेय ते पुढे येईल. आधी ते भांडण.

तुला आठवतं, मी तुला काळी खिडकी दाखवली होती? ब्राउझरची खाजगी खिडकी, पण तू तिला काळी खिडकीच म्हणायचीस.

'ही कशाला?'

'यात काय बघितलंस ते कोणालाच कळत नाही.'

'कोणालाच म्हणजे?'

'कोणालाच ग! बंद केलीस की हिस्टरी साफ, कुकीज साफ, काही शिल्लक नाही.'

'आपल्याकडचं साफ झालं. पण ज्याच्या दारात गेलो तो? मी खिडकी काळी केली म्हणून त्याचे डोळे मिटतात का?'

मी किती हसले होते. म्हटलं आत्या, तू बँकवाली, तुला झोपेतसुद्धा सह्या पडताळायची सवय. आणि वर म्हटलं, 'तसंही तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?' तू म्हणालीस, 'आत्ता नाही. पण लपवावंसं वाटलं तर जागा असावी.'

त्या वाक्याला मी उत्तर दिलं नव्हतं. मोबाइल वाजला असेल काहीतरी. आज देते. तुझं बरोबर होतं आणि माझं चूक. मी, सिरुसेरीच्या आयटी पार्कात बसून दिवसभर वेबसाइट तपासणारी, पगार त्याचाच घेणारी, मी चूक. आणि माझ्या त्या 'कोणालाच'वर विश्वास ठेवून तू चार महिन्यांनी तीच खिडकी उघडलीस, त्या निळ्या पट्टीच्या साइटवर जायला.

तो दिवस. तिरुमंगलम मेट्रोच्या बाहेर कॉफी पीत होतो आपण, उभ्या उभ्या. तू डबऱ्याच्या वाटीतून पेल्यात आणि पेल्यातून वाटीत कॉफी ओतत राहिलीस, पिईनास. मग पर्समधून रिपोर्ट काढलास आणि माझ्या हातात दिलास, जसा एखादा लेख तपासायला द्यावा तसा. स्वादुपिंड. मी तो शब्द आधी कधी मोठ्याने म्हटलासुद्धा नव्हता.

'शऱ्याला मी सांगणार,' तू म्हणालीस. बाबांना शऱ्या म्हणणारी जगात तू एकटीच. 'त्याचा स्टेंट अजून नवा आहे. डॉक्टर म्हणालेत तीन महिने धक्का नको. तोवर अंकही छापायला जाईल. मग मी त्याला बसवीन आणि सांगीन. माझ्या शब्दांत. मी सांगितलं तर त्याला सोसेल.'

'हो.'

'टकळे, पोटात राहील?'

'राहील, आत्या.'

राहिलं. आत्या, राहिलं होतं! तुला माहितीये मी कशी आहे, मला काही कळलं की पाच मिनिटांत पाच ग्रुपवर जातं, शेजारच्या मीनाक्षीचं लग्न तिच्या आईच्या आधी मी बिल्डिंगला सांगितलंय. पण हे राहिलं. जेवताना बाबा समोर बसायचे आणि मी भाताकडे बघत जेवायचे. जन्मात एक गोष्ट मी पोटात ठेवली. एकच.

आणि मग तो रविवार. तू आंघोळीला गेली होतीस, मी कपडे वाळत घालत होते. बाबा तुझ्या खोलीतून बाहेर आले, हातात काहीच नव्हतं, आणि तिथेच उभे राहिले. तू केस पुसत आलीस. ते म्हणाले, 'ताई, किती वेळ उरलाय?'

असेच शब्द. मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं. बाबा असं बोलत नाहीत. बाबा म्हणाले असते काय झालंय, डॉक्टर काय म्हणतात, मला का नाही सांगितलं. 'किती वेळ उरलाय' ही बाबांची भाषाच नाही.

तू विचारलंस, 'तुला कोणी सांगितलं?'

बाबा म्हणाले, 'कळलं.'

आणि तू माझ्याकडे बघितलंस.

रागाने नाही. रागाने बघितलं असतंस तर मी ओरडले असते, भांडले असते, आपण दोघी रडलो असतो आणि संपलं असतं. तू फक्त बघितलंस, मान हलवलीस, जणू काही आपण हिच्याकडून जरा जास्तच मागितलं होतं. आणि बाबांना म्हणालीस, 'सकाळची गोळी घेतलीस का?'

मी त्या दिवशी चार वेळा सांगितलं. मी नाही सांगितलं, आत्या. मी नाही ग. शेवटच्या वेळी तू म्हणालीस, 'बरं. जाऊ दे. सांगायचं तर होतंच त्याला.' मी म्हटलं, 'म्हणजे तुला वाटतंय मीच सांगितलं?' तू म्हणालीस, 'कॉफी गार होतेय तुझी.'

दुसऱ्या दिवशी रिपोर्टची फाइल माझ्या कपाटातून बाबांच्या कपाटात गेली. फक्त फाइल हलली. पुढचे नऊ आठवडे तू माझ्याशी तेवढीच गोड होतीस, माझी कॉफी झाकून ठेवायचीस, मी बसमधून उतरले का विचारायचीस, हॉस्पिटलात माझ्या हातून पेज खायचीस. फक्त मला परत काही सांगितलं नाहीस. दुखतंय का विचारलं तर 'ठीक आहे ग.' तू मला माफ केलं होतंस, आत्या, मी न केलेल्या गोष्टीसाठी. तेच मला सहन होत नाही. तुझं ते माफ करणं घशात अडकलंय, आणि ते ज्यांनी तिथे घातलं त्यांना मी सोडणार नाहीये.

तू गेल्यावर अकराव्या दिवशी मी तुझा कॉम्प्युटर उघडला. अंकाचे राहिलेले लेख काढायचे होते. एका शब्दाचा अर्थ बघायला म्हणून एक बातम्यांचं पान उघडलं आणि उजवीकडे जाहिरात आली. केस गेलेली एक बाई, हसतेय. वर इंग्रजीत मोठ्ठ्या अक्षरात तुझ्या आजाराचं नाव. खाली मराठीत प्रश्न: किती वेळ उरलाय? आमच्या तज्ज्ञांना विचारा.

मी खुर्चीवरून पडायची बाकी होते. तुला जाऊन अकरा दिवस झाले होते आणि ते तुला विचारत होते किती वेळ उरलाय!

आणि तेच शब्द. बाबांच्या तोंडातले तेच.

आता लक्षपूर्वक ऐक, हे तुला आवडेल, तुझ्या बँकेच्या कामासारखंच आहे. मी आधी सगळ्या कुकीज पुसल्या. हिस्टरी पुसली. काळी खिडकी उघडली, अगदी नवीन. जाहिरात आली. म्हटलं आपल्या घरच्या वायफायवरून ओळखत असतील, म्हणून वायफाय तोडलं आणि माझ्या मोबाइलचं नेट जोडलं. जाहिरात आली. माझ्या लॅपटॉपवर तेच पान उघडलं, त्याच वायफायवर, तर मला चपला आणि पंखे. तुझ्याच मशीनवर ती टकली बाई. म्हणजे ते मशीनला ओळखत होते. नाव न विचारता, काही न ठेवता, नुसतं बघून.

कसं, ते मला शोधायला अर्धा दिवस लागला. मला लाज वाटते अर्धा दिवस लागला म्हणायला, पाच मिनिटांत कळायला हवं होतं. साइट काय करते, पानाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात गुपचूप चार अक्षरं लिहून बघते. आधी साध्या फाँटमध्ये, मग एकेका फाँटचं नाव घेऊन. अक्षरांची रुंदी बदलली की कळलं, हा फाँट इथे आहे. शिवाय पडदा केवढा, अक्षर किती मोठं केलंय, भाषा कुठली, चित्र काढणारी चिप कुठली. यातली एकेक गोष्ट कोणाचीही असेल. तू नाही का, नाव न वाचता सही ओळखायचीस? म्हणायचीस, माणूस सही बदलतो पण हाताचं वळण बदलत नाही. तेच. चेन्नईत चौकोनी पडदा, दीडपट अक्षर, मराठी मेनू, आणि वर बंद पडलेल्या छापखान्याचा फाँट. अख्ख्या शहरात अशी बाई एकच.

आणि ते वळण कोणी घडवलं? मी. एकेका शनिवारी. मुरुक्कू खात.

मी तपासलं. नुसता पडदा बदलला, अक्षर लहान केलं, तरी ती बाई आली. मग भाषा इंग्रजी केली आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट फाँट काढले. जाहिरात गेली. चपला आल्या. सगळं परत भरलं, टकली बाई परत आली. आत्या, तू लपू शकली असतीस. फक्त मराठी असणं बंद करायचं होतं.

मला त्या क्षणी कोणाचा तरी गळा धरायचा होता आणि समोर फक्त कीबोर्ड होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आणखी एक कळलं, तेही सांगते, तुझ्यापासून आता काय लपवायचं. आम्ही एका चपलांच्या दुकानाची साइट तपासतो. त्यात तोच कोड होता. त्याच लोकांचा. आणि माझ्या तपासणीच्या शीटवर त्या ओळीपुढे मीच लिहिलेलं: पास. माझ्या टीम लीडला म्हटलं मी ही ओळ परत पास करणार नाही. तो म्हणाला, 'केतकी, एल्लारुम पण्रांगा', म्हणजे सगळेच करतात. म्हटलं सगळेच करतात म्हणून तर माझी आत्या माझ्यावर विश्वास न ठेवता मेली.  ती ओळ आता लाल आहे. दुकानवाल्यांनी तीन वेळा विचारलं, मी तीन वेळा लाल ठेवली. नोकरी जाईल असं बाबांना वाटतं. जाऊ दे.

कंपनीला मी मेल लिहिला. त्यांचं उत्तर आलं, गुळगुळीत. आम्ही कोणाचीही वैयक्तिक माहिती ठेवत नाही, आम्ही व्यक्ती ओळखत नाही, फक्त डिव्हाइस ओळखतो. मी उलट लिहिलं: त्या डिव्हाइससमोर एकच बाई बसायची, तिच्या खुर्चीवर तिच्या पाठीचा आकार उमटलाय, या आणि बघा. त्याला उत्तर नाही.

मग मंडळाची शोकसभा आली. मला पाच मिनिटं बोलायला दिली होती. मी तुझा कॉम्प्युटर रिक्षात घालून हॉलवर नेला.

सुमनकाकूंना वाटलं तुझे फोटो दाखवणार. गोपाळरावमामांनी प्रोजेक्टर लावून दिला. समोर साठ माणसं, पांढऱ्या साड्या, स्टीलच्या पेल्यांत कॉफी, टेबलावर हार घातलेला तुझा फोटो. मी म्हटलं, 'आत्या कशी होती ते तुम्हाला माहितीये. तिला कोण कोण ओळखत होतं ते दाखवते.' आणि मंडळाच्या नेटवर, नवीन काळी खिडकी, साधं बातम्यांचं पान. पडद्यावर सहा फुटांची ती टकली बाई आली. किती वेळ उरलाय?

आत्या, लोकांनी हातातले पेले खाली ठेवले.

मी सगळं सांगितलं. फाँटपर्यंत आले तेव्हा मामा उभे राहिले. 'केतकीअम्मा, त्यात माझा पण फाँट आहे?' म्हटलं, आहे. त्यांचा चेहरा बघवेना. 'अय्यो, माझ्या अक्षरानं मालतीला दाखवून दिलं?' मी ओरडलेच, माइकवर: 'मामा, तुमच्या अक्षराची काय चूक? चोराने चप्पल ओळखली म्हणून चप्पल दोषी होते का?' मग सगळ्यांसमोर फाँट काढून दाखवले, भाषा बदलून दाखवली, बाई गेली. मामा हळूच म्हणाले, 'म्हणजे मराठी काढलं की सुटका.' हॉलमध्ये मागून कोणीतरी म्हणालं, 'मग आम्ही नाही सुटत, जा!' आणि लोक हसले, शोकसभेत, तुझ्या फोटोसमोर. तू असतीस तर सगळ्यात आधी हसली असतीस.

तेवढ्यात बाबा उठले आणि बाहेर निघून गेले.

मी माइक टाकून मागे धावले. ते जिन्यापाशी, चपलांच्या ढिगाजवळ उभे होते, भिंतीला हात लावून. मला वाटलं छातीत दुखतंय. म्हणाले, 'नाही. मी ठीक आहे. केतकी, ती जाहिरात होती?'

'म्हणजे?'

'त्या रविवारी मला पुण्याचं तिकीट प्रिंट करायचं होतं. ताई आंघोळीला गेली होती. तिच्या मशीनला हात लावायचा नाही, माहितीये मला. लावला. समोर हेच होतं. मला वाटलं तिने स्वतः उघडून ठेवलंय. वाटलं ताई बसून हा प्रश्न विचारतेय, किती वेळ उरलाय, एकटी. मी कसं सांगू तिला की मी चोरून बघितलं?'

'तिने विचारलं ना बाबा, कोणी सांगितलं!'

'हो.'

'आणि तिने माझ्याकडे बघितलं!'

'बघितलं मी. मला कळलं होतं. वाटलं, नंतर सांगू. मग आज सांगू, उद्या सांगू. मग तिचं दुखणंच एवढं वाढलं.'

आत्या, मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही, हा अंक लहान मुलंही वाचतात. शेवटी म्हटलं, मला सॉरी म्हणू नका, मला काय करायचंय ते घेऊन, तिला म्हणा, आणि तिला म्हणायची वेळ तुम्ही घालवलीत. मी त्यांच्याशी सहा दिवस बोलले नाही. ताट वाढायचे आणि आत जायचे. त्यांच्यावरही सूड घेत होते म्हण. सातव्या दिवशी ते तुझ्या खुर्चीवर बसलेले दिसले, मशीन बंद, हात मांडीवर. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याचाच राग आला.

ही चूक आपल्याच घरात होऊ शकते, नाही? एकीने धक्का बसू नये म्हणून सांगायचं नाही, एकीने वचन दिलं म्हणून सांगायचं नाही, एकाने लाज वाटली म्हणून सांगायचं नाही. तिघंही एकमेकांना जपत गप्प, आणि त्या गप्प बसण्यातून एक साइट आरामात आत आली आणि बोलून गेली. माझ्या शब्दांत सांगीन म्हणाली होतीस. सबंध आयुष्य दुसऱ्यांचे शब्द नीट केलेस, आणि तुझी सगळ्यात मोठी बातमी त्यांनी त्यांच्या शब्दांत छापली, न विचारता.

सभेनंतर एकतीस जणांनी तक्रारी पाठवल्या, सुमनकाकूंनी मसुदा केला. तेव्हा कुठे कंपनीच्या तक्रारवाल्या माणसाचा फोन आला. आवाज तरुण, सभ्य. आधी तमिळमध्ये, मग इंग्रजीत. फार वाईट वाटलं म्हणाला. ते डिव्हाइस आम्ही आमच्याकडून पुसून टाकतो म्हणाला.

मी म्हटलं, 'पुसायचं नाही. इतक्यात नाही. आधी पत्र पाहिजे.'

'काय लिहायचं, मॅडम?'

'दोन वाक्यं. केतकीने सांगितलं नाही. आम्ही सांगितलं. खाली कंपनीची सही.'

'कोणाच्या नावाने?'

'माझ्या आत्याच्या.'

'मॅडम, पण त्या तर... वाचणार कोण?'

'मी वाचून दाखवणार. तुम्ही पाठवा.'

लीगल डिपार्टमेंट परवानगी देणार नाही, म्हणाला. दिलगिरी देऊ, फुलं पाठवू, साइटवर सूचना लावू, पण 'आम्ही सांगितलं' असं लिहिता येणार नाही. म्हटलं मग तुमचा नंबर माझ्याकडे आहे.

तेव्हापासून रोज सकाळी साडेदहाला मंडळातलं एकजण त्या माणसाला फोन करतं. पाळी लावलीय, जशी गणपतीत आरतीच्या ताटाची लावतो. ओरडायचं नाही, शिवी द्यायची नाही, ही सुमनकाकूंची अट. फक्त नाव सांगायचं, मालतीबाईंचं पत्र तयार झालं का विचारायचं, आणि तिची एक आठवण सांगायची. रेल्वेतल्या बाईंनी सांगितलं तू त्यांच्या पहिल्या लेखात त्रेचाळीस चुका काढल्यास आणि मग घरी बोलावून थालीपीठ खाऊ घातलंस. मामांनी तमिळमध्ये पाऊण तास सांगितलं. तो माणूस बिचारा ऐकतो. बिचारा म्हटलं ना मी? खोडते. ऐकू दे त्याला. जिला डिव्हाइस म्हणाले ती कोण होती ते पोटभर ऐकू दे.

काल पाळीच्या कागदावर बाबांनी स्वतःचं नाव लिहिलेलं दिसलं. आजच्या दिवसापुढे. मला विचारलं नाही. साडेदहाला ते तुझ्या खोलीत आले, तुझ्या खुर्चीवर बसले, आणि फोन मधोमध ठेवून स्पीकर लावला, मला ऐकू यावं म्हणून. मी दारात उभी.

'मी मालतीचा धाकटा भाऊ,' बाबा इंग्रजीत म्हणाले, त्यांच्या त्या फॅक्टरीच्या इंग्रजीत, सावकाश. 'माझ्या बहिणीने मला विचारलं होतं, कोणी सांगितलं. मला माहीत होतं माझ्या मुलीने नाही सांगितलं. मी तोंड उघडलं नाही. नऊ आठवडे माझ्याकडे होते. हे मी काल आमच्या मंडळाला लिहून दिलंय, माझ्या सहीने, या अंकात छापा म्हणून. माझ्या वाट्याचं मी कबूल केलं. आता तुमच्या वाट्याचं राहिलं.'

पलीकडे त्या माणसाने फोन ठेवला नाही. बाबांनीही ठेवला नाही. दोघं तसेच बसून होते कितीतरी वेळ, एक त्या टोकाला, एक तुझ्या खुर्चीवर, आणि मी दारात, आत्या, पहिल्यांदा रडत, तोंडावर ओढणी घट्ट धरून, त्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून.

उद्या साडेदहाला माझी पाळी आहे.